मॅसिडोनियाचे रुखवत

आमच्या घरी माळ्यावर आजीची एक जुनी लाकडी पेटी आहे. दर दिवाळीला साफसफाईच्या निमित्ताने ती खाली उतरते, आतल्या वस्तूंना ऊन दाखवले जाते, नव्या डांबराच्या गोळ्या पडतात आणि ती पुन्हा वर्षभरासाठी वर चढते. पेटीत आजीचे रुखवत आहे. मण्यांचे तोरण, क्रोशाचे रुमाल, लोकरीचे आसन आणि भरतकामाचा एक उशीचा अभ्रा. त्या अभ्र्याच्या कोपऱ्यात तांबड्या दोऱ्याने एकच अक्षर भरले आहे : ‘ग’.

लहानपणी या ‘ग’चे मला मोठे कोडे वाटे. आजीचे नाव आम्हां सर्वांना ठाऊक होते आणि त्यात ‘ग’ कुठेच नव्हता. एकदा धीर करून विचारले, तेव्हा ती हसली. म्हणाली, “अगं, ते माझं माहेरचं नाव. लग्नात ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीनं दुसरं नाव लिहिलं, आणि ज्या मुलीनं तो अभ्रा भरला होता ती त्या दिवसापासून नाहीशीच झाली बघ!” ती हे सांगताना हसत होती, म्हणून मीही हसले. त्यात हसण्यासारखे फारसे काही नव्हते, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

तो ‘ग’ मला गेल्या जुलैत अचानक आठवला, आणि तोही हजारो मैल दूर, स्कोप्ये नावाच्या शहरात, एका चर्चच्या गार अंधारात. यजमानांचे कामानिमित्त तिकडे आठ दिवस जाणे ठरले, आणि कॉलेजला रजा टाकून मीही त्यांच्याबरोबर निघाले.

स्कोप्ये ही उत्तर मॅसिडोनिया या देशाची राजधानी. आपल्याकडे मॅसिडोनिया म्हटले की शिकंदर बादशहा डोळ्यांपुढे येतो. पण शिकंदराच्या प्राचीन राज्याचा बराचसा भाग आज ग्रीस देशात आहे. मी सांगते आहे तो देश पूर्वी युगोस्लाव्हियाचा एक घटक होता, १९९१ साली तो स्वतंत्र झाला आणि २०१९ साली त्याने ‘उत्तर मॅसिडोनिया’ हे नाव घेतले. आकार महाराष्ट्राच्या सुमारे बाराव्या हिश्शाइतका आणि लोकसंख्या जेमतेम अठरा लाख! आपल्या माहितीतले एक नाव मात्र खास या गावचे आहे. मदर तेरेसा यांचा जन्म १९१० साली याच स्कोप्ये शहरात झाला.

लाकडात कोरलेले तिघे

शहराच्या मधून वार्दार नदी वाहते. तिच्यावरचा जुना दगडी पूल ओलांडला की तुर्की अमदानीतली जुनी बाजारपेठ लागते, आणि त्या पेठेला लागूनच ‘स्वेती स्पास’ म्हणजे तारणहाराचे चर्च आहे. बाहेरून पाहिले तर एखाद्या साध्या घरासारखे. आत जायचे तर पायऱ्या उतरून खाली जावे लागते, कारण हे चर्च अर्धेअधिक जमिनीत आहे. तुर्की सुलतानांच्या राज्यात चर्चची उंची फार वाढवण्याची मुभा नव्हती. तेव्हा लोकांनी काय करावे? वर जाता येत नाही तर खाली जावे!

पण आत पाऊल टाकले आणि मी जागच्या जागी थबकले. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गाभारा आणि भाविकांची जागा यांच्या मध्ये चित्रांनी मढवलेला एक पडदा असतो. इथला पडदा अक्रोडाच्या लाकडाचा आहे, सुमारे दहा मीटर लांब. १८१९ ते १८२४ या काळात तो कोरला गेला. द्राक्षांचे वेल, पाने, पक्षी, पशू, देवदूत आणि बायबलातले प्रसंग. कोरीवकाम इतके खोल आणि आरपार की लाकडाच्या एका जाळीमागे दुसरी जाळी दिसते, आणि वेलाच्या आडून एखादा पक्षी डोकावतो. हे काम पेत्रे फिलिपोव्ह आणि मार्को फिलिपोव्ह हे गारी गावचे भाऊ आणि गालिच्निक गावचे माकारिये फ्रच्कोव्स्की यांचे. याच मंडळींच्या हातचा दुसरा पडदा डोंगरातल्या बिगोर्स्की मठात आहे. तो १८३५ साली पुरा झाला. २००९ साली त्या मठाला मोठी आग लागली, जुन्या राहत्या इमारती जळाल्या, पण सुदैवाने चर्च आणि तो पडदा वाचला.

आता खरी मौज ऐका. स्वेती स्पासच्या त्या पडद्यावर एका कडेला या कारागिरांनी स्वतःलाच कोरून ठेवले आहे, हातात हत्यारे घेऊन कामाला बसलेले! संत, देवदूत यांच्या पंक्तीला तीन सुतार. दुसऱ्या कुणी हे केले असते तर कदाचित उद्धटपणा वाटला असता. पण मला आपला सावता माळी आठवला. ज्याला आपल्या मळ्यातच विठ्ठल भेटतो, त्याला कामाची आणि देवाची जागा वेगळी कशी वाटणार?

मग माझे लक्ष दुसऱ्या एका गोष्टीकडे गेले. पडद्यावरची बायबलातली माणसे पॅलेस्टाइनच्या वेषात नाहीत. ती मॅसिडोनियाच्या खेड्यातल्या वेषात आहेत. हेरोद राजापुढे नाचणारी सलोमी हिच्या अंगावरसुद्धा डोंगरातल्या गावचीच वस्त्रे! कारागिरांनी आपल्या घरातल्या बायकांच्या अंगावर जे पाहिले, तेच लाकडात उतरवले.

आणि तिथेच मला तो ‘ग’ आठवला. लाकूड कोरणाऱ्यांची नावे आपल्याला माहीत आहेत, चेहरेही माहीत आहेत. पण त्यांनी जी वस्त्रे लाकडात उतरवली, ती मुळात कापडावर भरणारी कोण होती? तिचे नाव काय?

ताफा निघाला

याचे उत्तर शोधायचे तर कारागिरांच्या गावी जायला हवे. स्कोप्येहून तेतोव्हो, गोस्तिवार अशी मोठी गावे मागे टाकत मोटार माव्रोव्होच्या डोंगरात शिरते, आणि मग वळणावळणांनी सुमारे चौदाशे मीटर उंचीवरच्या गालिच्निकला पोहोचते. हा मियाक लोकांचा मुलूख. मेंढ्या पाळणे हा त्यांचा मूळचा धंदा. पण डोंगरात सर्वांना पोटभर कुठले मिळणार? म्हणून पुरुष गवंडीकाम, सुतारकाम, कोरीवकाम, चित्रकाम शिकले आणि टोळ्याटोळ्यांनी दूरदूरच्या मुलखात कामाला जाऊ लागले.

अशा टोळीला त्यांच्या भाषेत ‘तायफा’ म्हणतात. हा शब्द कानी पडताच मराठीची अध्यापिका म्हणून मी टवकारले. आपला ‘ताफा’ तो हाच! मूळ अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि तुर्कीच्या वाटेने तिकडे गेला. तिकडच्या तायफ्यात छिन्नी-हातोडीवाले, आणि आपल्याकडच्या ताफ्यात एके काळी नाचगाणेवाले, एवढाच काय तो फरक.

कामासाठी परमुलखात जाण्याला तिकडे ‘पेचाल्बा’ म्हणतात. आपल्या कोकणातला चाकरमानी ज्यांना माहीत आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. चाकरमानी जसा गणपतीला घरी येतो, तसे हे पुरुष उन्हाळ्यात घरी येत. १२ जुलै हा संत पीटरचा दिवस. साऱ्या वर्षातली लग्ने त्याच सुमारास एकदम उरकली जात, कारण नवरदेव हजर असण्याचा भरवसा तेवढाच! आज तिथे दरसाल जुलैत एका जोडप्याचे लग्न जुन्या पद्धतीने लावतात आणि ते पाहायला देशोदेशींचे लोक लोटतात.

मी त्या गर्दीतली एक होते. झुर्ला आणि तापान वाजू लागले. झुर्ला म्हणजे आपल्या सनईची बहीण, आणि तापान म्हणजे गळ्यात अडकवायचा मोठा ढोल. त्याच्या एका अंगाला जाड टिपरू पडते, दुसऱ्या अंगाला बारीक छडी. वाजवणारे परंपरेने रोमा जमातीचे असतात. या जमातीचे पूर्वज काही शतकांपूर्वी आपल्या भारतातूनच गेले. त्यांच्या भाषेत पाण्याला अजून ‘पानी’ म्हणतात आणि कानाला ‘कान’. सनईचे सूर ऐकून माझे डोळे उगाच का भरून आले, ते मला मागाहून कळले!

नवरदेवाची दाढी वाद्यांच्या गजरात झाली. पुरुषांनी ‘तेश्कोतो’ हे नृत्य केले. या नावाचा अर्थच ‘जड, कठीण’. सुरुवातीला पावले इतकी सावकाश पडतात की जणू पायांत बेड्या आहेत, आणि मग लय वाढत जाते. निरोप, परमुलूख, परत येणे, सारे त्या पावलांत आहे असे तिथले लोक मानतात.

आणि नवरी? तिला ते ‘स्ना’ म्हणतात. संस्कृतातली ‘स्नुषा’ आणि मराठीतली ‘सून’ तीच ही. नवऱ्याच्या भावाला ते ‘देवेर’ म्हणतात. आपला ‘दीर’! सासूला ‘स्वेकर्व्हा’, जिला संस्कृतात ‘श्वश्रू’ म्हणत. बाजारातले शब्द दोन्ही भाषांनी उसने आणले, पण हे घरातले शब्द मात्र हजारो वर्षांच्या एकाच गाठोड्यातले आहेत.

सुईचे काम

नवरीच्या अंगावर इतकी वस्त्रे, इतके भरतकाम आणि इतकी चांदी असते की तिला वाकणेदेखील कठीण जावे. या पोशाखाचा पाया म्हणजे घरी विणलेल्या पांढऱ्या कापडाचा लांब झगा. ताग, अंबाडी यांच्यासारख्या वाखाचे किंवा सुताचे ते कापड. त्याच्या बाह्या, गळा, छाती आणि खालचा काठ भरायचा. कापडावर आधी नक्षी काढून घ्यायची पद्धत नाही. उभे-आडवे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. एक धागा चुकला की ओळच्या ओळ उसवावी लागते. रंगांत तांबडा मुख्य. तो पूर्वी आपल्या मंजिष्ठेच्याच जातीच्या एका झाडाच्या मुळांपासून काढीत. स्कोप्येजवळच्या काळ्या डोंगराच्या गावांत मात्र काळ्या दोऱ्याने बाह्या अशा गच्च भरतात की खालचे पांढरे कापड क्वचितच दिसते.

नक्षी बाह्यांवर आणि काठांवरच का? जाणकार सांगतात की वस्त्राला जिथे तोंड असते तिथून वाईट नजर आत शिरते, म्हणून तिथे टाक्यांचा पहारा बसवायचा. आपण दाराला तोरण बांधतो, उंबऱ्याला रांगोळी घालतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय पोशाख बोलतही असे. बाई कोणत्या गावची, लग्न झालेली की व्हायची, हे जाणणाऱ्याला लांबूनच कळे.

मुलगी लहानपणीच सुई हातात घेई. लग्नापर्यंत तिने ‘चेइझ’ तयार करायचे. लग्नाचे कपडे, पांघरुणे, पंचे, विणलेले मोजे. यातले बरेचसे सासरच्या माणसांना आणि वऱ्हाडाला आहेर म्हणून द्यायचे. आपल्या ओळखीच्या ‘दहेज’चे मूळ ज्या अरबी शब्दात, त्याचेच ‘चेइझ’ हे तुर्की वळण. आणि हे सारे ठेवायचे कशात? ‘सान्दाक’मध्ये. म्हणजे आपल्या संदुकीत!

तेव्हा हे रुखवतच झाले की नाही? फरक एवढाच की आपले रुखवत मांडवात चार घटका मांडून पेटीत जाते, आणि त्यांचे अंगावर चढते.

इथे मनात एक प्रश्न येतो आणि तो टाळणे बरे नव्हे. ज्या मुलीने दहा दहा वर्षे मान मोडून धागे मोजले, तिने ते हौसेने मोजले की नाइलाजाने? तिला शाळा नव्हती. ‘मला नाही भरायचे’ असे म्हणण्याची सोय नव्हती. आज त्या गावांतल्या मुली शिकतात, नोकऱ्या करतात, त्यांना सान्दाक भरावी लागत नाही, याबद्दल आपण हळहळायचे काय? मुळीच नाही. माझ्या मुलीने कॉलेज सोडून तोरणे करीत बसावे असे मला स्वप्नातही वाटणार नाही. परंतु सक्ती गेली हे चांगले झाले म्हणून, त्या सक्तीतही ज्या बाईने आपल्या बोटांनी एवढे सौंदर्य निर्माण केले, तिलाही आपण विसरावे, हे काही त्यातून निघत नाही.

चिराग आणि चिराक

स्कोप्येच्या जुन्या पेठेत तारकाम करणारे सोनार आजही आहेत. चांदीची केसासारखी बारीक तार काढायची, दोन तारांना पीळ द्यायचा, पीळ चेपून चपटा करायचा, मग त्याच्या वळ्या नि वेटोळी चिमट्याने एका चौकटीत बसवायची आणि टाकणखार घालून डाक द्यायचा. आपल्या ओरिसातल्या कटकचे तारकाम ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

पूर्वी प्रत्येक धंद्याचा एक संघ असे. नवा पोरगा येई तो ‘चिराक’ म्हणून. वर्षानुवर्षे भाता ओढून, झाडून-पुसून, पाहून पाहून तो ‘काल्फा’ होई, आणि शेवटी उस्ताद. ‘चिराक’ हा शब्द तुर्कीतून आला, आणि तुर्कीत तो फारसीच्या ‘चिराग’वरून आला असे कोशकार सांगतात. चिराग म्हणजे दिवा! उमेदवार पोराला दिवा का म्हटले असेल, हे दिवाळी अंकाच्या वाचकांना मी काय सांगावे? एका दिव्याने दुसरा लावायचा, एवढीच तर सगळ्या कारागिरीची कथा आहे.

पण दिवे विझतातही. २६ जुलै १९६३ च्या पहाटे पाच वाजून सतरा मिनिटांनी स्कोप्येला भयंकर भूकंप झाला. हजाराहून अधिक माणसे गेली, शहराचा फार मोठा भाग कोसळला. जुन्या रेल्वे स्टेशनावरचे घड्याळ त्या वेळी जे थांबले, ते आजही आठवण म्हणून तसेच ठेवले आहे. पुढे शहर नव्याने उभे राहिले. परंतु कारागिरी मोडली ती काही भूकंपाने नव्हे. कारखान्याचे कापड आले, तयार जोडे आले, आणि पेचाल्बाला गेलेली माणसे आता ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत, कॅनडात बायकामुलांसह राहू लागली. गालिच्निकमध्ये हिवाळ्यात राहणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. चाकरमानी घर बंद करून गेल्यावर कोकणातल्या वाडीत जी शांतता उरते, ती मला तिथे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ऐकू आली.

तळ्याकाठचे गुपित

परतण्याआधी आम्ही ओह्रिडला गेलो. वाटेत तळ्याकाठीच स्त्रुगा गाव लागते. तिथला काव्योत्सव प्रसिद्ध आहे आणि १९८३ साली तिथला ‘सुवर्ण मुकुट’ आपल्या हिंदीतल्या कवी अज्ञेयांना मिळाला होता. ओह्रिडचे तळे युरोपातल्या सर्वांत जुन्या तळ्यांपैकी एक, आणि जवळजवळ २९० मीटर खोल.

या गावचे मोती नावाजलेले आहेत. मौज अशी की या तळ्यातल्या शिंपल्यांत मोती होत नाहीत! शिंपल्याच्या कवचाचा मणी घडवायचा आणि तळ्यातल्या ‘प्लाशित्सा’ नावाच्या लहान चंदेरी माशाच्या खवल्यांपासून केलेला लेप त्यावर एकावर एक थरांनी चढवायचा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात ही विद्या एका रशियन निर्वासिताकडून इथे आली असे सांगतात. लेपाची कृती दोन कुटुंबांनी गुप्त ठेवली आहे. घराबाहेर ती कुणाला सांगायची नाही.

त्या संध्याकाळी तळ्याकाठी बसून मी मनाशी हिशेब मांडला. कारागिरी टिकवण्याच्या तीन रीती मी या आठ दिवसांत पाहिल्या. मोतीवाल्यांनी ती गुपित ठेवून टिकवली. लाकूड कोरणाऱ्यांनी आपले चेहरेच कोरून ठेवले. आणि भरतकाम करणाऱ्या बायकांनी? त्यांनी काहीच राखून ठेवले नाही. आईने मुलीला शिकवले, शेजारणीने शेजारणीला, आणि केलेले सारे वऱ्हाडाला वाटून टाकले. म्हणूनच ते सर्वांत जास्त पसरले, आणि म्हणूनच त्यावर कुणाचे नाव राहिले नाही. जुन्या वस्त्रांच्या संग्रहात चिठ्ठीवर बहुधा गावाचे नाव असते, शतक असते. बाईचे नाव नसते. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचे तरी काय झाले? लाखो ओव्या आहेत, आणि ओवी रचणारी कोण, हे विचारायची सोय नाही.

घरी परतल्यावर यंदा मी दिवाळीची वाट पाहिली नाही. पेटी खाली काढली, अभ्रा उन्हात पसरला आणि माझ्या मुलीला हाक मारली. तिने तो ‘ग’ बोटाने चाचपून पाहिला आणि विचारले, “आई, हा टाका कोणता गं?” मला सांगता आले नाही. मी मराठीची प्राध्यापिका, शब्दांची कुळे-मुळे सांगत फिरणारी, आणि माझ्या स्वतःच्या आजीच्या हातच्या टाक्याचे नाव मला ठाऊक नाही! शेवटी माझ्या आत्याबाईंना फोन लावला. त्यांनी ते नाव सांगितले, आणि आजीचे माहेरचे पूर्ण नावही सांगितले. मुलीने एका कागदावर दोन्ही नावे लिहिली आणि तो कागद अभ्र्यात घडी करून ठेवला.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्याही घरची एखादी पेटी, एखादे गाठोडे खाली उतरेल. त्यातली गोधडी कुणी शिवली, ते तोरण कुणी ओवले, हे सांगणारे माणूस अजून घरात असेल, तर त्याला शेजारी बसवून घ्या आणि नाव विचारा. सासरचे नव्हे, माहेरचे.